दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

चौथं गाणं सुरू व्हायला हवं होतं, तिथे काहीच सुरू झालं नाही.

टेप फिरत होती. लेस्टर पिंकलीने आवाज वाढवला, अजून वाढवला. स्पीकरमधून नुसती सुरसुर येत राहिली. तीन मिनिटं दहा सेकंद ती सुरसुर पाच माणसांनी उभ्याने ऐकली. मग पाचवं गाणं, नाचाचं, ठणठणीत वाजायला लागलं आणि लेस्टरने मशीन बंद केलं.

"पुसलंय कुणीतरी," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ऑक्टोबर १९६४, गुरुवार, दुपारचे सव्वादोन. आमच्या नॅशव्हिलात रेकॉर्डिंगचं घड्याळ ठरलेलं असतं : दहा ते एक, दोन ते पाच, सहा ते नऊ. डेल्सी स्टिडम नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचा पहिला अल्बम सकाळच्या सत्रात पुरा झाला होता. दहा गाणी, दोन रिळं, एकेका बाजूचं एकेक. उद्या सकाळी ती रिळं रेकॉर्ड कापायला जायची होती, आणि त्यांची दुसरी प्रत आज दुपारी काढायची होती. बाद झालेले प्रयत्न निर्माता हॉलिस क्रेन जागच्या जागी पुसून टाकायचा. टेप वाचवायची त्याची जुनी खोड. म्हणजे ते चौथं गाणं आता जगात कुठेच नव्हतं.

"लेस्टर, तुझा हात चुकला," क्रेन म्हणाला.

"पंधरा वर्षं ही मशीनं चालवतोय. चुकला नाही कधी."

"मग आज चुकला. उद्यापासून येऊ नकोस."

डेल्सी भिंतीला टेकून उभी होती. केंटकीच्या कोळसाखाणींतली मुलगी, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. "वादक इथेच आहेत," ती म्हणाली. "पाचपर्यंत वेळ आहे. गाणं परत करू."

"आणि परत कुणी पुसलं तर? चुकून असो की मुद्दाम, असला हात या इमारतीत फिरत असताना मी टेप लावणार नाही. नऊ गाण्यांचाही अल्बम निघतो. बरेच निघालेत."

"जाऊ दे, पोरी," डॉस मुलिन्स हळूच म्हणाला. डॉस हा डेल्सीचा मामा. तिचं सगळं कामकाज तोच बघायचा. गाडी चालवण्यापासून करार वाचण्यापर्यंत. "गेलं ते गेलं. तुला ते गाताना त्रासच होत होता."

डेल्सीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मिस्टर क्रेन, कुणी केलं ते साडेचारपर्यंत कळलं, तर शेवटचा अर्धा तास माझा. कबूल?"

क्रेनने घड्याळ पाहिलं. "साडेचार. एक मिनिट वर नाही."

तेव्हा कोपऱ्यातून स्टील गिटारवाला विंडेल टीग म्हणाला, "मग मी मॉडबाईंना घेऊन येतो."

मॉड प्रुइट अठ्ठावन्न वर्षांची विधवा. टोप्यांच्या दुकानावर तिची खोली होती आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी. त्याआधी बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शहरातली निम्मी लग्नं तिने जुळताना ऐकली होती, उरलेली मोडताना. विंडेल तिचा भाडेकरू. दोन सत्रांच्या मध्ये तो तिच्याकडे येऊन बसायचा आणि तिच्या प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर बोट ठेवायचा.

"पोरीनेच केलं असणार," तो जिना उतरता उतरता म्हणाला. "पेपरात नाव यावं म्हणून."

"गाणं कसलं होतं?"

"मध्यम लयीचं. एक, एक, चार, एक. मग सहा, मग पाच. शेवटच्या कडव्याला सूर चढतो."

"अरे, शब्द काय होते?"

"शब्द कोण ऐकतं, बाई? आम्ही कागदावर सुरांच्या जागी आकडे मांडतो आणि आकडे वाजवतो. तीन हजार गाणी वाजवलीत मी. एकाचाही शब्द विचाराल तर शप्पथ."

"तुझ्या बायकोने तुला का सोडलं ते आज कळलं."

मग रस्ता ओलांडताना त्याला आठवलं. "एक सांगतो. शेवटच्या कडव्याला ती पोरगी कागदाकडे बघतच नव्हती. काचेकडे बघत होती."

"काचेपलीकडे कोण होतं?"

"क्रेन, लेस्टर आणि तिचा मामा. मामाला तर तिने हाताने खुर्ची ओढून पुढे बसवलं होतं. म्हणाली, इथून नीट ऐकू येतं."

मॉडबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही.

लेस्टर मशीनच्या खोलीत एकटाच बसला होता. पन्नाशीचा, चष्मेवाला, बोटांना टेप चिकटवायच्या डिंकाचे पापुद्रे.

"सुरुवातीपासून सांगा," मॉडबाई म्हणाल्या. "घाई न करता."

"पाऊण वाजेपर्यंत मी दुसऱ्या बाजूची पाच गाणी एकाला एक जोडली. सगळ्यांसमोर पूर्ण वाजवली. पाचही होती. रीळ खोक्यात घातलं, खोकं कपाटात. एक वाजता जेवायला गेलो."

"कपाटाला कुलूप?"

"कधीच नाही. इथे कोण चोरणार?"

"जेवायला कुठे?"

"समोर, टिलीच्या खाणावळीत. पण मी सगळ्यांबरोबर बसलो नाही. ताट घेऊन गाडीत बसलो. क्रेनसाहेबांची बडबड सकाळभर ऐकली होती, पोट भरलं होतं त्यानेच."

"म्हणजे तुम्हाला गाडीत कुणी पाहिलं नाही."

"नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "दोन वाजता परत आलो. खोकं उघडलं. हिरवी पट्टी वरच होती, टेप ओवली, बटण दाबलं. तीन गाणी ठीक. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"हिरवी पट्टी म्हणजे?"

"टेपच्या सुरुवातीला मी हिरवी पट्टी चिकटवतो, शेवटाला लाल. चाचपडायला नको."

"गाणं पुसायला काय लागतं?"

"मशीन यावं लागतं. गाणं ऐकून शोधायचं, सुरुवातीला थांबायचं, आवाजाची सगळी बटणं खाली करायची आणि रेकॉर्ड दाबून तीन मिनिटं उभं राहायचं. नवख्याने केलं असतं तर शेजारचं गाणंही खाल्लं असतं. हे काम जोडापासून जोडापर्यंत साफ आहे."

"पहिल्या बाजूचं रीळ तपासलंत?"

त्याने तपासलं नव्हतं. गडबडीने दुसरं खोकं काढलं. रिळाबाहेर लाल टोक लोंबत होतं. त्याने ते मशीनला लावलं आणि उलटं फिरवायला सुरुवात केली. मॉडबाई हातावर हात ठेवून थांबल्या.

"फारच वेळ लागतो की," त्या म्हणाल्या.

"दोन मिनिटं. मग वाजवता येतं."

पहिल्या बाजूची पाचही गाणी शाबूत निघाली. वाजून संपल्यावर लेस्टरने रीळ तसंच उचललं आणि खोक्यात घातलं.

"विंडेल," मॉडबाई म्हणाल्या, "त्या कपाटातली दहा खोकी उघडून बघ. आत काय दिसतं ते मला सांग."

विंडेलने दहा खोकी उघडली. "टेप आहे," तो म्हणाला.

"रंग?"

"तपकिरी. टोकं लाल. सगळी एकसारखी, बाई. वेळ वाया."

हॉलिस क्रेन आपल्या खोलीत पाय टेबलावर टाकून बसला होता. त्याने लपवाछपवी केली नाही.

"मला ते गाणं नको होतं. सगळ्यांसमोर बोललोय. बाई अनवाणी बुडते, मुलगी रडते. लोक रेकॉर्ड घेतात शनिवारी नाचायला."

"मग घेतलं का?"

"पोरगी अडून बसली. म्हणाली, हे नसेल तर बाकीचीही नकोत. आणि खरं सांगू? चांगलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. म्हणूनच जास्त राग आला."

"जेवताना मधे उठलात, समोर टिली सांगत होती."

"वीस मिनिटं. इथे येऊन फोन केला. एकटाच होतो, तेही लिहून घ्या. पुसायचं असतं तर मी लपून का पुसेन? माझाच स्टुडिओ, माझीच टेप. 'काढा' म्हणालो असतो."

"म्हणाला का नाहीत?"

क्रेनने पाय खाली घेतले. "सांगितलं ना. चांगलं होतं."

डेल्सी मागच्या पायरीवर बसली होती. मॉडबाई शेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले.

"गाणं कशाचं होतं, बाळ?"

"आईचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या स्पायसर खोऱ्यात खाणीचं धरण फुटलं. कोळसा धुतलेलं पाणी अडवून ठेवलेलं. त्रेचाळीस माणसं गेली. मी तेव्हा लेक्सिंग्टनला धुलाईखान्यात होते." तिने बोटं एकमेकांत अडकवली. "सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला. रात्रभर पाऊस होता, तिने बोचकं बांधून ठेवलं होतं, पायात बूट घातले होते. मग म्हणाली, रेडिओवर सांगतायत, धरण शाबूत आहे. बूट काढते, पाय दुखतायत. साडेसातनंतर पाणी आलं. आई सापडली तेव्हा अनवाणी होती."

मॉडबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटचं कडवं सांगशील?"

"ते आज सकाळीच जोडलं. कागदावर कुठेच नाही." डेल्सीने ते न गाता नुसतं म्हटलं :

"दाराशी बोचकं, पायात बूट, आई निघाली होती,
रेडिओ म्हणाला, उकळू द्या कॉफी, भिंत उभी आहे ती.
आईने बूट काढून ठेवले चुलीपाशी जोडीने,
आम्हाला नुसते बूट मिळाले, तेही शेजाऱ्याच्या होडीने."

"रेडिओवर कोण बोललं?"

"गाण्यात नाव नाही," डेल्सी म्हणाली.

"मी गाण्याचं विचारलं नाही."

डेल्सी उठली. "तुम्ही शोधा, प्रुइटबाई. तुम्हाला कळेल. पण एक करा. सगळ्यांसमोर नाव घेण्याआधी त्याला वेळ द्या. ज्याने केलं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. मला तेवढंच हवंय."

डॉस मुलिन्स बैठकीच्या खोलीत होता. साठीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की ऐकणाऱ्याने खुर्ची पुढे ओढावी. त्याने मॉडबाईंना पेपरमिंट दिली, विंडेललाही दिली.

"चौदा वर्षं खोऱ्यातल्या स्टेशनवर सकाळचा कार्यक्रम करत होतो," तो म्हणाला. "या पोरीला पहिल्यांदा माइकसमोर मीच उभं केलं. ऐकायचंय? रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना ऐकवायला आणलंय."

टेबलावर लहान टेपरेकॉर्डर होता. त्याने खोक्यातून रीळ काढलं, लावलं आणि ते लगेच वाजायला लागलं. आधी त्याचाच आवाज, तरणा आणि उबदार : "उकळू द्या ती कॉफी, शेजाऱ्यांनो. डॉस मुलिन्स तुमच्या स्वयंपाकघरात आलाय." मग बारा वर्षांच्या मुलीचा पातळ, घाबरलेला गळा.

डॉसचे डोळे भरून आले. "रेथाने, माझ्या बहिणीने, नवा फ्रॉक शिवला होता त्या दिवशी. रेडिओवर फ्रॉक कुणाला दिसणार, सांगा." बोलता बोलता त्याने गाणं संपताच टेप उलटी फिरवली, रीळ काढलं, खोक्यात घातलं, झाकण लावलं. हे सगळं त्याने न बघता केलं.

"हात सराईत आहे," मॉडबाई म्हणाल्या.

"रेडिओत पाच सेकंद शांतता झाली तर नोकरी जाते, बाई."

"पुराच्या सकाळी तुम्हीच होतात स्टेशनवर?"

"नव्हतो. ताप होता मला. आणि स्टेशन तर सहापासून बंद होतं, वीज गेली होती. पुरानंतरच्या चौकशीतही हेच सांगितलं मी."

"आज जेवायला उशिरा पोचलात, टिली म्हणाली."

"टपाल टाकायला गेलो होतो. रांग होती." त्याने रुमालाने डोळे टिपले. "बाई, त्या गाण्याच्या मागे लागू नका. प्रत्येक वेळी गाताना पोरगी मरते. कुणी पुसलं असेल त्याने उपकारच केले."

"मिस्टर मुलिन्स," मॉडबाई म्हणाल्या, "चार वीसला आम्ही सगळे मशीनच्या खोलीत जमतोय. त्याआधी तुम्हाला कुणाशी काही बोलायचंय का? डेल्सी मागच्या पायरीवर आहे."

डॉसने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पेपरमिंटची पुडी खिशात ठेवली. "नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर विंडेल कुजबुजला, "क्रेनच. गाणं आवडत नव्हतं, मशीन येतं, वीस मिनिटं एकटा होता."

"तू पेपरमिंट खा," मॉडबाई म्हणाल्या.

चार वाजून वीस मिनिटांनी सगळे जमले. डॉसला खुर्ची मिळाली ती सकाळचीच, काचेसमोरची. मॉडबाई उभ्याच राहिल्या.

"मशीन चालवता येणारी माणसं इथे तीन आहेत. मिस्टर पिंकली, मिस्टर क्रेन आणि मिस्टर मुलिन्स. डेल्सीला येत नाही आणि विंडेलला दिव्याचं बटणही धड सापडत नाही. तिघंही जेवणाच्या वेळात एकेकटे होते. तेव्हा कोण कुठे होतं यावरून काही कळणार नाही. कळतं ते रिळावरून."

त्यांनी दुसऱ्या बाजूचं खोकं उचललं.

"मिस्टर पिंकली, दुपारी खोकं उघडल्यावर वर कुठली पट्टी होती?"

"हिरवी. सांगितलं की मी..." लेस्टर थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हिरवी," तो पुन्हा म्हणाला, आता वेगळ्या आवाजात. "अरे देवा. घाईत होतो. लक्षातच आलं नाही."

"यांना समजावून सांगा."

"स्टुडिओत टेप कधी उलटी फिरवून ठेवत नाहीत. वाजून संपली की तशीच काढायची, शेवट बाहेर, लाल पट्टी वर. गुंडाळलेल्या टेपचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो, भुतासारखा. सुरुवात बाहेर ठेवली तर ते भूत गाण्याच्या आधी ऐकू येतं. शेवट बाहेर ठेवला तर मागून येतं आणि गाण्याच्या आवाजात झाकलं जातं. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"मिस्टर क्रेन, तुम्हाला शिकवलं होतं?"

"चापट मारून," क्रेन म्हणाला. "माझ्या पहिल्या साहेबाने."

"कपाटात विंडेलने दहा खोकी उघडली. दहाही लाल. आता बघा. पुसणाऱ्याने चौथं गाणं पुसलं. तिथून टेपचा शेवट एका गाण्यावर होता आणि सुरुवात चार गाणी मागे. घाई होती, कुणीही येऊ शकत होतं. स्टुडिओतल्या माणसाने टेप पुढे पळवली असती आणि लाल टोक बाहेर ठेवून मोकळा झाला असता. काम जवळचं होतं आणि हाताला तीच सवय. हा माणूस उलटा गेला. लांबचा रस्ता, तरी गेला. कारण त्याच्या कामात टेप नेहमी सुरुवातीला तयार लागते. लावली की वाजली पाहिजे. मधे दोन मिनिटं फिरवत बसला तर ती दोन मिनिटं हवेत शांतता जाते."

कुणी डॉसकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"मिस्टर मुलिन्स, तासाभरापूर्वी माझ्यासमोर तुम्ही एक टेप वाजवलीत आणि न बघता मागे फिरवून ठेवलीत."

"एवढ्यावरून?" डॉसचा आवाज अजून उबदारच होता. "सवय आहे, बाई. सवयीवरून माणसाला फासावर चढवायचं?"

"सवयीवरून हात कळला. कारण गाण्यात आहे. आज सकाळी जोडलेल्या कडव्यात रेडिओ म्हणतो, 'उकळू द्या कॉफी.' चौदा वर्षं हे वाक्य तुमचं होतं. खोऱ्यातलं कुणीही ऐकेल तर आवाज ओळखेल. आणि मग विचारेल, स्टेशन सहापासून बंद होतं तर सात वाजून दहा मिनिटांनी हा माणूस बोलला कुठून?"

डॉसने टोपी हातात घेतली, फिरवली, पुन्हा मांडीवर ठेवली. लेस्टरने मशीनचा पंखा बंद केला, त्याचा आवाज फार वाटायला लागला होता.

"पावणेसातला खाणीच्या साहेबाचा फोन आला," शेवटी डॉस म्हणाला. "म्हणाला, लोक पळत सुटलेत, रस्ता अडेल, कामावर कुणी येणार नाही. म्हणाला, सांग भिंत शाबूत आहे. सकाळचा कार्यक्रम त्यांच्याच पैशांवर चालायचा. मी विचारलं, नक्की का? तो म्हणाला, तुला सांगतोय ना. मग मी सांगितलं. एकदा नाही, तीनदा."

"चौकशीत?"

"चौकशीत खोटं बोललो. ऐकणारे बरेच बुडाले होते. उरलेल्यांना त्याच खाणीत कामाला जायचं होतं. कुणीच बोललं नाही." तो डेल्सीकडे वळला. "पोरी, मला माहीत नव्हतं. रेथा ऐकत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज ते कडवं ऐकलं आणि वाटलं, तुझ्या हातून नकळत... तुला कळलं असतं तर तू मला..."

"मला माहीत होतं, मामा," डेल्सी म्हणाली.

डॉस खुर्चीतून अर्धवट उठला.

"आई फोनवर 'रेडिओ' म्हणाली नव्हती. ती म्हणाली, 'डॉस सांगतोय, मग काळजी नाही. बूट काढते.' तुझं नाव घेऊन काढले तिने. तीन वर्षं मला माहीत आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"वाट बघितली. अंत्यविधीला बघितली. तू मला घरी घेऊन गेलास, गिटार घेऊन दिलीस, तेव्हा बघितली. गाडीत इथवर येताना सहा तास बघितली. मग गाणं लिहिलं. त्यात तुझं नाव घातलं नाही, फक्त कॉफी घातली. तुला खुर्ची ओढून दिली आणि काचेतून तुझ्याकडे बघून विचारलं. याहून स्पष्ट मला विचारता येत नव्हतं." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू हो म्हणाला असतास तर मी ते कडवं काढून टाकणार होते. देवाशपथ काढणार होते. तू जेवायची सुट्टी होईपर्यंत थांबलास आणि आईला पुसलंस."

विंडेल टीग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"साडेचार," क्रेन म्हणाला. तो खाकरला. "टेप लावतोय मी. लेस्टर, लाव."

वादक जागेवर गेले. डेल्सी माइकसमोर गेली आणि काचेतून म्हणाली, "मामा, इकडे ये."

डॉस आत गेला. पाय ओढत गेला.

"रेडिओची ती ओळ मी गाणार नाही," डेल्सी म्हणाली. "ती तुझी आहे. वादक थांबतील, तू बोल. तेव्हा बोललास तशी, शब्दाला शब्द."

"पोरी, नको."

"एकदाच. तीनदा नको."

काचेपलीकडे मॉडबाई खुर्चीत बसल्या. आज पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या. लाल दिवा लागला.

डेल्सी गायली. शेवटच्या कडव्यात ती थांबली, वादक थांबले, आणि डॉस मुलिन्स माइकपाशी वाकला. अडखळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो अडखळला नाही. चौदा वर्षांचा सराव होता. "उकळू द्या ती कॉफी, शेजाऱ्यांनो. धरणाची भिंत जागच्या जागी आहे. घाबरायचं कारण नाही. घरातच थांबा." आवाज इतका मायेचा, इतका खात्रीचा, की ऐकणारा कुणीही बूट काढून बसला असता. विंडेलचा हात तारांवरून उचलला गेला आणि पुढची जागा त्याने चुकवली. क्रेनने ती चूक तशीच राहू दिली.

गाणं संपलं. लेस्टरने लाल पट्टी बाहेर ठेवून रीळ खोक्यात घातलं.

"वेष्टणावर सगळ्यांची नावं जातात," क्रेनने काचेतून विचारलं. "यांचं काय लिहू?"

"नाव लिहा," डेल्सी म्हणाली. "पूर्ण. आणि वेळ. सात दहा."

डॉसने टोपी घातली. दारात तो वळला, काही बोलेलसं वाटलं, पण डेल्सी गिटार पेटीत ठेवत होती आणि तिने मान वर केली नाही. तो बसस्टँडकडे चालत गेला. गाडीची किल्ली त्याने मशीनवर ठेवली होती.

अल्बम मार्चमध्ये आला. फार चालला नाही. खोऱ्यातल्या स्टेशनने तो लावलाच नाही. चौकशी पुन्हा उघडली नाही. खाणीचा तो साहेब पुढे कुठेतरी मोठ्या जागेवर गेला. विंडेलने एक प्रत मॉडबाईंना आणून दिली आणि वेष्टणाच्या मागची ओळ बोटाने दाखवली : 'दुसरी बाजू, चौथं गाणं. रेडिओवरचा आवाज : डॉस मुलिन्स, सकाळी ७.१०.'

"शब्द पाठ आहेत मला याचे," तो म्हणाला. "सगळे."

डेल्सी अजून गाते. गावोगावी लोक मागून ओरडतात, ते बुटांचं म्हणा. ती ते गाणं मंचावर कधीच म्हणत नाही. "मधली ओळ बोलायला माझ्याकडे माणूस नाही," ती सांगते आणि दुसरं सुरू करते.